रोमाँ रोलाँ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोमाँ रोलाँ कोण, हे थोडक्यात सांगाल का?

फ्रेंच कादंबरीकार, नाटककार, चरित्रकार आणि संगीताचे इतिहासकार. जन्म 29 जानेवारी 1866, बर्गंडी भागातल्या क्लाम्सी या छोट्या गावी. मृत्यू 30 डिसेंबर 1944, तिथून जवळच वेझले येथे. 1915 सालचे साहित्याचे नोबेल त्यांना मिळाले. त्यांची मोठी कादंबरी म्हणजे दहा भागांची 'जाँ क्रिस्तोफ'. आपल्याकडे मात्र गांधी, रामकृष्ण आणि विवेकानंद यांचे चरित्रकार म्हणूनच ते अधिक माहीत आहेत.

नावाचा उच्चार नक्की काय? रोमेन रोलँड की रोमाँ रोलाँ?

'रोमेन रोलँड' हा इंग्रजी अक्षरे वाचून केलेला उच्चार आहे, तो सोडून द्यावा. फ्रेंचमध्ये दोन्ही शब्दांच्या शेवटी अनुनासिक स्वर आहे. शेवटचा 'न' किंवा 'ड' जिभेवर येतच नाही. काटेकोर पाहिले तर पहिल्या नावाचा शेवट 'रोमॅं' कडे झुकतो आणि आडनावाचा 'रोलाँ' कडे. मराठीत 'रोमाँ रोलाँ' रुळले आहे आणि ते पुरेसे आहे. ग्रंथालयाच्या यादीत शोधताना 'रोमां रोलां', 'रोमाँ रोलाँ' आणि 'रोलँड' अशी तिन्ही रूपे घालून पाहा. एका रूपाने सापडले नाही म्हणून पुस्तक नाहीच, असे समजू नका. ज्यूल रोमँ हा त्यांच्याच काळातला दुसरा लेखक आहे. नावसाधर्म्यामुळे त्याची पुस्तके हाती पडतात.

त्यांना 'मानवतावादी' म्हणतात म्हणजे नेमके काय?

हा शब्द इतका सैल वापरला जातो की त्यातून काहीच कळत नाही. रोलाँच्या बाबतीत त्याचे तीन ठोस अर्थ सांगता येतात. पहिला, माणसाची निष्ठा राष्ट्रापाशी संपत नाही. दुसरा, कला ही काही मोजक्या रसिकांची मालमत्ता नव्हे. सामान्य लोकांसाठीच्या रंगभूमीवर त्यांनी 1903 मध्ये पुस्तक लिहिले आणि फ्रेंच राज्यक्रांतीवर नाटकांची मालिका रचली ती याच भूमिकेतून. तिसरा अर्थ सर्वांत महत्त्वाचा: बुद्धिजीवी माणसाने द्वेषाला शब्द पुरवू नयेत, मग तो द्वेष स्वतःच्या देशाचा का असेना.

हे तिन्ही विचार त्यांच्याकडे एकाच दिवशी आले नाहीत, आणि आयुष्यभर त्याच रूपात राहिलेही नाहीत. म्हणून रोलाँ वाचताना साल पाहायची सवय ठेवा. 1914 चे वाक्य 1935 च्या रोलाँच्या तोंडी घातले की त्यांचा एकतर संत होतो नाहीतर ढोंगी. ते दोन्ही नव्हते.

घडण कशी झाली? घरची पार्श्वभूमी काय?

वडील नोटरी होते, आई संगीतात रमणारी. पियानोची गोडी आईकडून आली. मुलाच्या शिक्षणासाठी 1880 मध्ये सगळे घर क्लाम्सी सोडून पॅरिसला आले. एकोल नॉर्माल सुपेरियर या नामांकित संस्थेची प्रवेशपरीक्षा ते दोनदा नापास झाले आणि 1886 मध्ये तिसऱ्या खेपेस पास झाले. पुढे दोन वर्षे रोममध्ये अभ्यास केला. लुली आणि स्कार्लात्ती या संगीतकारांच्या आधीच्या युरोपीय ऑपेराचा इतिहास हा त्यांच्या 1895 च्या प्रबंधाचा विषय. नंतर पॅरिसच्या सॉर्बोन विद्यापीठात त्यांनी संगीताचा इतिहास शिकवला आणि 1912 मध्ये लेखनासाठी नोकरी सोडली.

या काळातली एक घटना सगळ्यांत जास्त लक्षात ठेवण्यासारखी आहे. टॉलस्टॉय तेव्हा कलेवर कडक टीका करत होते, अंगमेहनतीला कलेपेक्षा मोठे मानत होते. संगीतावर जीव असलेला हा तरुण विद्यार्थी गोंधळला आणि त्याने थेट टॉलस्टॉयना पत्र लिहिले. ऑक्टोबर 1887 मध्ये उत्तर आले: अनेक पानांचे, फ्रेंचमध्ये, आणि मायना 'प्रिय बंधू' असा. जगप्रसिद्ध म्हाताऱ्या लेखकाने एका अनोळखी पोराला भाऊ म्हटले होते. त्या उत्तरातला युक्तिवाद रोलाँना पुरता पटला असे नाही, कला त्यांनी सोडली नाही. पण अनोळखी माणसाच्या पत्राला पूर्ण उत्तर द्यायचे, हा धडा त्यांनी घेतला. पुढे त्यांचा पत्रव्यवहार एवढा अफाट झाला त्याची मुळे इथे आहेत.

'जाँ क्रिस्तोफ' एवढी मोठी आहे. वाचायची कशी?

दहा भाग, इंग्रजीत दीड हजाराहून अधिक पाने. 1904 ते 1912 या काळात ती शार्ल पेगी यांच्या 'काइए द ला कँझेन' या नियतकालिकातून क्रमाने आली. भागांची नावे मराठीत साधारण अशी होतील: पहाट, सकाळ, किशोर, बंड, चौकातला बाजार, आंत्वानेत, घरात, मैत्रिणी, जळते झुडूप, नवा दिवस.

ऱ्हाइनकाठच्या एका जर्मन गावात जन्मलेल्या संगीतकाराची ही जन्मापासून मृत्यूपर्यंतची कथा. बालपणावर बेथोव्हेनच्या आयुष्याची छाया आहे: दारुडा वादक बाप, कष्टाळू आई, आजोबांचा अभिमान. पण क्रिस्तोफ म्हणजे बेथोव्हेन नव्हे. तो रोलाँच्या काळातला माणूस आहे, पळून पॅरिसला येतो आणि तिथे ऑलिव्हिए नावाचा फ्रेंच मित्र जोडतो. जर्मन आणि फ्रेंच माणसाची ही मैत्री 1914 च्या ऐन तोंडावर लिहिली गेली, हे वाचताना मनात असू द्या.

बहुतेक वाचक पाचव्या भागात अडकतात. 'चौकातला बाजार' हा पॅरिसच्या तेव्हाच्या संगीत आणि साहित्यवर्तुळावरचा हल्ला आहे. त्यातले संदर्भ शंभर वर्षांनी निसटतात आणि कथा थांबल्यासारखी वाटते. तिथे पुस्तक मिटू नका. तो भाग चाळून सहावा घ्या. 'आंत्वानेत' हा भाग लहान आहे आणि एकटाही वाचता येतो. बँक बुडाल्यावर बाप आत्महत्या करतो, बहीण शिकवण्या करून भावाला शिकवते आणि स्वतः झिजून जाते. तो भाऊ म्हणजेच ऑलिव्हिए. हा भाग वाचून पाचव्याकडे परत गेलात तर तोही उलगडतो.

दुसरा अडथळा शैलीचा. रोलाँ मध्येच थांबून लांबलचक मते मांडतात. फ्रेंच समीक्षकांनीही त्यांच्या गद्याला ढिसाळ म्हटले आहे आणि त्यात तथ्य आहे. ही कादंबरी वाक्यांच्या कोरीवपणासाठी वाचायची नाही, प्रवाहासाठी वाचायची. पहिल्याच ओळीत घरामागून नदीचा घोष ऐकू येतो आणि तो शेवटपर्यंत येत राहतो.

त्यातला एखादा प्रसंग सांगाल, ज्यातून लेखकाची दृष्टी कळेल?

गॉटफ्रीड मामाचा. हा फेरीवाला आहे. पाठीवर गाठोडे घेऊन गावोगाव किडूकमिडूक विकत फिरतो. घरात त्याची थट्टा होते आणि लहानगा क्रिस्तोफही त्यात सामील असतो. एका संध्याकाळी दोघे नदीकाठी बसलेले असताना अंधार पडतो आणि मामा हळू आवाजात एक साधे जुने गाणे म्हणतो. पोरगा थक्क होतो. हे कोणी रचले, विचारतो. कोणी नाही, ते कायम होतेच, असे उत्तर येते. नंतर क्रिस्तोफ मोठ्या तोऱ्यात आपल्या रचना ऐकवतो, आजोबांनी त्याला अलौकिक ठरवलेले असतेच. मामा ऐकून घेतो आणि म्हणतो, हे वाईट आहे. कारण तुला सांगायचे काही नव्हते, मोठा संगीतकार म्हणवून घ्यायचे होते म्हणून तू लिहिलेस.

मुलगा रडतो, चिडतो आणि ते कधीच विसरत नाही. रोलाँचे कलेविषयीचे सगळे म्हणणे या दोन-चार पानांत आहे. ते एका अशिक्षित फेरीवाल्याच्या तोंडून येते, हेही त्याच म्हणण्याचा भाग आहे.

पहिल्या महायुद्धात त्यांनी नेमके काय केले? देशद्रोही का म्हटले गेले?

युद्ध पेटले तेव्हा ते स्वित्झर्लंडमध्ये होते. वय 48, म्हणजे सैन्यात जाण्याचे वय उलटलेले. 'पळून गेले' हा आरोप इथेच गळतो. बेल्जियममधले लुव्हाँ शहर जर्मन सैन्याने जाळले तेव्हा त्यांनी जर्मन नाटककार गेरहार्ट हाउप्टमान यांना उघड पत्र लिहून जाब विचारला. म्हणजे जर्मनीला त्यांनी सूट दिली, हा आरोपही खोटा.

22 सप्टेंबर 1914 च्या 'जुर्नाल द जनेव्ह' मध्ये त्यांचा 'ओ-दस्यू द ला मेले' हा लेख आला. अर्थ: 'रणधुमाळीच्या वर'. शीर्षक वाचून अनेकांना वाटते की लेखक उंचावर बसून अलिप्तपणे पाहतो आहे. लेख उघडला की तसे दिसत नाही. मरायला निघालेल्या तरुणांना तो कळवळून हाक मारतो. रोष आहे तो पुढाऱ्यांवर, चर्चवर, युद्धाला विरोध करू असे म्हणून ऐनवेळी गप्प झालेल्या समाजवाद्यांवर आणि द्वेषाची भाषा घडवणाऱ्या विद्वानांवर. तटस्थ देशांनी मिळून एक नैतिक न्यायपीठ स्थापावे, अशी सूचनाही त्यात आहे. फ्रान्समध्ये अनेकांनी लेख न वाचता, वृत्तपत्रांतले तुकडे वाचून शिव्या दिल्या. जुने मित्र तुटले. पेगी तर आधीच, 5 सप्टेंबरला, रणभूमीवर पडले होते.

या लेखाबद्दल सगळेच बोलतात. त्याच महिन्यांतल्या दुसऱ्या कामाबद्दल फार कमी लिहिले जाते. जिनिव्हात रात म्युझियमच्या इमारतीत रेड क्रॉसने युद्धकैद्यांचा शोध घेणारी कचेरी उघडली होती. ऑक्टोबर 1914 ते जुलै 1915 रोलाँ तिथे विनावेतन राबले. डॉ. फ्रेदेरिक फेरिएर यांच्या नागरी विभागात त्यांचे काम होते: सैनिक नसलेली, पण शत्रूच्या ताब्यातल्या प्रदेशात अडकलेली किंवा नजरकैदेत पडलेली माणसे शोधायची. पत्र उघडायचे, नाव टिपायचे, कार्ड करायचे, दुसऱ्या बाजूच्या यादीशी ताडायचे, घरच्यांना कळवायचे. कादंबरीकाराने नऊ महिने हे कारकुनी काम केले. मानवतावाद म्हणजे काय, असे कोणी विचारले तर आम्ही आधी ही कार्डे दाखवतो आणि मग लेख.

नोबेल 1915 चे की 1916 चे?

1915 चेच, पण जाहीर झाले नोव्हेंबर 1916 मध्ये. म्हणून दोन्ही साले छापलेली दिसतात. पुरस्काराची रक्कम त्यांनी रेड क्रॉस आणि युद्धपीडितांसाठीच्या कामांना वाटून टाकली.

ते भारतात कधी आले होते?

कधीच नाही. इंग्रजीही त्यांना कामापुरतीसुद्धा येत नव्हती. बहीण मादलेन इंग्रजी मजकूर वाचून दाखवी आणि भेटींत दुभाष्याचे काम करी. भारतावरच्या त्यांच्या पुस्तकांमागे मादलेनचा वाटा मोठा आहे आणि तो नेहमी दुर्लक्षित राहतो.

त्यांचे 'महात्मा गांधी' हे छोटे पुस्तक 1924 चे. आधी 1923 मध्ये ते 'युरोप' या मासिकातून आले. ते लिहिले गेले तेव्हा गांधी पुण्यात येरवड्याच्या तुरुंगात होते आणि युरोपातल्या सामान्य वाचकाला त्यांचे नावही धड माहीत नव्हते. पुस्तकात लोकमान्य टिळकांचीही आदराने दखल आहे.

नंतर 1929 मध्ये रामकृष्णांचे आणि 1930 मध्ये विवेकानंदांचे चरित्र आले. ही चरित्रे वाचताना एक मर्यादा ध्यानात ठेवा. त्यांची साधने मुख्यतः रामकृष्ण मिशनकडून आलेली आहेत. धर्मसुधारकांची जी परंपरा ते मांडतात तीत राममोहन रॉय, देवेंद्रनाथ टागोर, केशवचंद्र सेन आणि दयानंद आहेत. महाराष्ट्रातल्या सत्यशोधक विचारासाठी दुसरी पुस्तके उघडावी लागतील.

मीराबेन आणि रोलाँ यांचा संबंध काय?

मॅडेलिन स्लेड ही इंग्रज नौदल अधिकाऱ्याची मुलगी. तिला वेड बेथोव्हेनचे, आणि बेथोव्हेनवर लिहिणारा लेखक म्हणून ती रोलाँना भेटायला गेली. बोलता बोलता त्यांनी गांधींचा विषय काढला. रोलाँचे पुस्तक निघाल्यावर तिने ते एका दिवसात वाचून संपवले आणि निश्चय केला. 7 नोव्हेंबर 1925 ला ती साबरमतीला पोचली आणि मीराबेन झाली. पुढे वर्धा, सेवाग्राम आणि 1942 नंतर पुण्याच्या आगाखान पॅलेसमधली कैद. उतारवयात त्या ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळ राहायला गेल्या आणि पुन्हा बेथोव्हेनच्या अभ्यासाला लागल्या.

गांधी आणि रोलाँ यांची भेट कशी झाली?

6 ते 11 डिसेंबर 1931, स्वित्झर्लंडमधल्या व्हिलनव्ह गावी, जिनिव्हा सरोवराच्या पूर्व टोकाला. गोलमेज परिषदेहून परतताना गांधी तिथे थांबले. सोबत मीराबेन, महादेवभाई, प्यारेलाल आणि देवदास. रोलाँ 65 वर्षांचे होते आणि छातीच्या दुखण्याने बेजार.

दुसरा दिवस सोमवार, म्हणजे गांधींचा मौनवार. मग रोलाँच बोलले, सुमारे दीड तास, 1900 नंतरच्या युरोपच्या अवस्थेवर. गांधी ऐकत होते आणि पेन्सिलीने कागदावर प्रश्न लिहीत होते. पुढच्या दिवसांत सत्य आणि कलेवर चर्चा झाली. सत्यातून आनंद उमलला पाहिजे, हा रोलाँचा आग्रह होता. गांधी पुढे रोमला जाणार होते. मुसोलिनी या भेटीचा प्रचारासाठी वापर करील, असा इशारा रोलाँनी दिला आणि निदान सरकारी पाहुणचार तरी टळावा म्हणून स्वतंत्र यजमान शोधला. 1926 मध्ये टागोर मुसोलिनीच्या पाहुणचारात फसले होते आणि रोलाँनीच त्यांना खरी परिस्थिती समजावली होती, त्यामुळे ही धास्ती होती.

शेवटच्या संध्याकाळी गांधींनी बेथोव्हेन वाजवायला सांगितले. रोलाँ पियानोपाशी बसले आणि पाचव्या सिंफनीतला संथ भाग वाजवला. पुन्हा विनंती झाली तेव्हा ग्लुकच्या 'ऑर्फियस' मधला स्वर्गीय मैदानांचा तुकडा. नववी सिंफनी वाजवली, असे काही ठिकाणी छापलेले असते. ते चूक आहे.

मग याच माणसाने स्टालिनच्या रशियाला पाठिंबा कसा दिला?

हा प्रश्न टाळणारा रोलाँचा चाहता त्यांच्यावर अन्यायच करतो.

क्रम असा. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला क्रांतीतल्या हिंसेवरून त्यांनी फ्रेंच कादंबरीकार आंरी बारब्यूस यांच्याशी जाहीर वाद घातला, आणि तेव्हा ते अहिंसेच्या बाजूने होते. इटलीत फॅसिझम रुजला, 1933 मध्ये हिटलर आला. जर्मन सरकारने देऊ केलेले गटे पदक त्यांनी नाकारले. या काळात त्यांना वाटू लागले की युरोपात फॅसिझमला अडवू शकेल अशी एकच मोठी शक्ती आहे, ती सोव्हिएत संघ. 1935 च्या उन्हाळ्यात ते मॉस्कोला गेले, रशियन लेखक गॉर्की यांच्याकडे राहिले आणि 28 जूनला स्टालिनला भेटले. तिथे त्यांनी बारा वर्षांवरील मुलांनाही कठोर शिक्षा देऊ पाहणाऱ्या नव्या कायद्याबद्दल आणि कैदेतल्या लेखक व्हिक्टर सर्जबद्दल विचारले. सर्ज पुढच्या वर्षी सुटले.

पण जाहीरपणे ते गप्प राहिले. प्रवासाच्या रोजनिशीत शंका नोंदवल्या आणि ती पन्नास वर्षे छापू नये अशी अट घातली. जुन्या बोल्शेविक नेत्यांवरचे मॉस्कोचे खटले सुरू झाल्यावर त्यांतल्या बुखारिनसाठी त्यांनी स्टालिनला लिहिले, उत्तर आले नाही, आणि हेही त्यांनी लोकांपुढे आणले नाही. 1914 मध्ये स्वतःच्या देशाला जे त्यांनी उघड सुनावले ते 1937 मध्ये मित्रदेशाला सुनावता आले नाही. आमच्या मते ही त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी चूक आहे. तिचे कारण समजते, फॅसिझमची भीती खरी होती. पण कारण समजले म्हणून चूक पुसली जात नाही. सप्टेंबर 1939 मध्ये, हिटलर-स्टालिन कराराच्या पाठोपाठ युद्ध सुरू झाले, तेव्हा त्यांनी पंतप्रधान दलादिए यांना पत्र लिहून लोकशाही फ्रान्सच्या बाजूने उभे राहत असल्याचे कळवले.

'बुद्धीचा निराशावाद, इच्छाशक्तीचा आशावाद' हे वाक्य ग्राम्शीचे ना?

इटालियन मार्क्सवादी विचारवंत ग्राम्शीने ते लोकप्रिय केले, पण सूत्र रोलाँचे आहे, 1920 मधल्या एका पुस्तकपरीक्षणातले. ग्राम्शीने स्वतः तसे सांगितले आहे. फ्रॉइडच्या लेखनात येणारी 'सागरासारखी अथांग भावना' ही कल्पनाही मूळ रोलाँच्या 1927 च्या पत्रातली. विश्वाशी एकरूप झाल्याची जी जाणीव धर्मांच्या मुळाशी असते तिच्याबद्दल ते लिहीत होते. फ्रॉइडला ती स्वतःत सापडली नाही आणि त्याने तसे प्रांजळपणे लिहिले.

सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?

1903 चे 'बेथोव्हेनचे चरित्र'. लहान आहे, दोन बैठकींत संपते. आजचे अभ्यासक त्यातल्या काही तपशिलांशी सहमत होणार नाहीत, पण दुःख भोगून ताठ उभ्या राहिलेल्या माणसाकडे रोलाँ कसे पाहतात ते कळते. मग 'महात्मा गांधी'. मग 'रणधुमाळीच्या वर'. त्यानंतर 'जाँ क्रिस्तोफ' चे पहिले चार भाग. हसरा रोलाँ हवा असेल तर 'कोला ब्रन्याँ': बर्गंडीतल्या एका सुताराची खाती-पिती, खट्याळ कहाणी, अस्सल क्लाम्सीच्या मातीतली. ती 1914 च्या आधीच लिहून झाली होती, छापली गेली 1919 मध्ये. विवेकानंदांच्या चरित्रापासून सुरुवात करू नका. रोलाँचा पिंड माहीत नसताना ते निव्वळ स्तुतीचे पुस्तक वाटते.

फ्रान्समध्ये त्यांच्या जागा पाहता येतात का?

हो. क्लाम्सीत त्यांच्या नावाचे कला आणि इतिहास संग्रहालय आहे. वेझलेतल्या त्यांच्या घरात आता झेर्व्होस संग्रहालय आहे. ते हिवाळ्यात बंद असते, तेव्हा आधी चौकशी करा. समाधी ब्रेव्ह या खेड्यात, क्लाम्सीपासून जवळ. ही ठिकाणे एका दिवसात होतात, पण त्यासाठी स्वतःची गाडी हवी. खेड्यांतल्या बसच्या भरवशावर राहिलात तर एकच ठिकाण पदरी पडेल.

मराठीत भाषांतर करायचे आहे. परवानगी लागते का?

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून 60 वर्षे हक्क राहतात. रोलाँ 1944 मध्ये गेले, म्हणजे हयातीत छापलेले त्यांचे फ्रेंच लेखन 1 जानेवारी 2005 पासून भारतात मुक्त आहे. दोन ठिकाणी चूक होते. इंग्रजीवरून भाषांतर करत असाल तर इंग्रजी अनुवादकाचा हक्क वेगळा मोजावा लागतो. 'जाँ क्रिस्तोफ' चे अनुवादक गिल्बर्ट कॅनन 1955 मध्ये वारले, त्यामुळे तो अनुवाद 2016 पासून मुक्त. इतर अनुवादकांची मृत्युवर्षे तपासूनच हात घाला. दुसरे, मृत्यूनंतर छापलेल्या लेखनाची 60 वर्षे प्रकाशनापासून धरतात. मॉस्कोची रोजनिशी 1992 ची आहे, तिला परवानगी लागेल. भारताबद्दलची रोजनिशी 1951 ची, ती मुक्त झाली आहे. 1915 ते 1943 पर्यंतच्या नोंदी, टागोर, गांधी, नेहरू यांच्या भेटींचे दिवस-दिवसाचे तपशील तिच्यात आहेत. फ्रेंच जाणणाऱ्या मराठी अनुवादकाने हात घालावा असे पहिले पुस्तक आमच्या मते तेच.